परदेशात लेझीम टिकवायची असेल तर

गणपती महिन्यावर आले की परदेशातल्या मंडळांना लेझीम आठवते. पोरं गोळा करायची, दोन रविवार तालीम, मिरवणूक, फोटो, की वर्षभर लेझीम गॅरेजमध्ये. नाशिकच्या शाळेत माझं आयुष्य खेळाच्या तासाला गेलं. माझे कितीतरी विद्यार्थी आता अमेरिकेत, जर्मनीत आहेत. "बाई, मुलांना लेझीम कशी शिकवू?" असा फोन येतो, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी तालमीचा वार ठरवा, कार्यक्रमाचं नंतर बघू. शिकागोला लेकाकडे राहिले तेव्हा बल्गेरियन लोकांचं बघून माझं हे मत पक्कं झालं. त्यांची तिथे मोठी वस्ती आहे. दर आठवड्याला एका संध्याकाळी हॉलमध्ये जमतात आणि हातात हात घालून, नाहीतर शेजाऱ्याचा कमरपट्टा धरून ओळीत नाचतात. या नाचाला होरो म्हणतात. जाणता माणूस पुढे राहून ओळ नेतो, नवखा शेपटाला लागतो आणि बघत बघत शिकतो. निवड नाही, आजी आणि नातू एकाच ओळीत. त्यांचा राचेनित्सा नावाचा नाच सात मात्रांचा, दोन-दोन-तीन असा. आपला रूपक ताल तीन-दोन-दोन. तबल्याचा कान असलेल्याला तो पटकन कळतो, फक्त लांब पाऊल शेवटी येतं. तेव्हा लेझीमलाही 'निवडक वीस मुलं' करू नका. आई-बाबांनाही उभं करा, नवीन कुटुंबाला पहिल्याच दिवशी मागच्या रांगेत घ्या.

सुरुवात रिकाम्या हातांनी. टाळ्यांवर चार आकडे पक्के होईपर्यंत लेझीम देऊच नका, नाहीतर नुसता खुळखुळाट होतो. मग डाव्या हातात दांडा, उजव्या हातात साखळीची मूठ. 'चार आवाज' आम्ही असे घेतो: वाकून पायाजवळ एक, उठत कमरेपाशी दोन, कपाळापाशी तीन, परत कमरेपाशी चार. लेझीम उघडतानाही वाजली पाहिजे आणि मिटतानाही. चकत्या एकदम वाजल्या तर मनगट बरोबर, आवाज फरफटत आला तर मूल खांद्यातून ओढतंय. अशा वेळी त्याचं कोपर हलकेच अंगाशी धरा. बाकी 'आठ आवाज', 'आगे फलांग' वगैरे पुढे येतंच.

संगीत लावायची घाई नको. आपल्या नाशिक ढोलावर माझा जीव आहे, पण त्याची लय नवशिक्यांना झेपत नाही. तोंडाने आकडे म्हणा, मग हलगी. आकडे म्हणायचं काम बारा-तेरा वर्षांच्या एखाद्या मुलीकडे द्या. पाच वर्षांनी शिकवणारी तीच असेल.

लेझीम इथूनच न्या. मेन रोडवर खेळसाहित्याच्या दुकानात मिळते. लाकडी दांड्याचीच घ्या, लहान मुलांसाठी आखूड. प्लॅस्टिकला वजन नसतं, त्यामुळे मनगट शिकतच नाही. लोखंड आहे, तेव्हा केबिन बॅगेत नको, चेक-इनमध्ये टाका. तालमीनंतर साखळी कोरड्या फडक्याने पुसून मशीनच्या तेलाचा हात फिरवा, दमट तळघरात गंज फार लवकर धरतो. हॉल घेताना आवाजाची कल्पना आधीच द्या, वीस लेझीम बंद खोलीत कान बधिर करतात.

आणि आपल्या गावाची चाल जपा. १९८२च्या दिल्ली एशियाडच्या उद्घाटनात लेझीम झाली, तशी कवायत सगळ्यांनी बघितलेली असते. पण सिन्नरच्या आजोबांची पावलं वेगळी असतील, येवल्याच्या मामांची वेगळी. बल्गेरियात कोप्रिव्श्तित्सा गावी १९६५पासून दर काही वर्षांनी मोठा मेळा भरतो, तिथे गावोगावचे लोक आपापल्या वेशात आपापलाच नाच घेऊन येतात. तुम्हीही सुट्टीत नाशिकला आलात की आजोबांना अंगणात उभं करा आणि मोबाइलवर चित्रण घ्या: एकदा समोरून, एकदा फक्त पायांचं, एकदा हलगीवाल्याच्या हातांचं. फाइलच्या नावात माणसाचं नाव, गाव आणि वर्ष घाला, आणि मंडळातल्या निदान दोन घरी तिची प्रत ठेवा.