रिबोलिता: आज करायची, उद्या खायची

रिबोलिता म्हणजे 'परत उकळलेली'. इटलीत टस्कनीमध्ये, फ्लॉरेन्स-सिएनाकडच्या खेड्यांत थंडीत होणारं हे घट्ट सूप, आणि नावातच रेसिपी आहे, त्यामुळे केलं त्याच दिवशी ओरपलंत तर ती रिबोलिता नाही, नुसतं भाजी-ब्रेडचं सूप झालं. शेतकऱ्यांच्या घरी बरेच दिवसांचा ब्रेड एकदम भाजून ठेवायचे, तो वाळून दगड व्हायचा, पण टाकणार कोण? आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा होतो तसंच.

चार-पाच जणांसाठी २५० ग्रॅम पांढरा राजमा (तिकडचा कानेलिनी) आदल्या रात्री भिजत घाला. सकाळी पाणी बदलून लसणाच्या दोन पाकळ्या टाकून मऊ शिजवा, कुकर चालेल. शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका हं, अर्धी चव त्यातच असते. निम्मा राजमा घोटून त्या पाण्यात मिसळा, निम्मा अख्खा ठेवा.

आता एक कांदा, दोन गाजरं, सेलरीच्या दोन दांड्या एकदम बारीक चिरा आणि ४-५ चमचे ऑलिव्ह ऑइलमध्ये मंद गॅसवर १५ मिनिटं परता. याला सोफ्रितो म्हणतात. आपला हात कांदा लाल करण्याकडे जातो, तो आवरा, इथे कांदा फक्त मऊ पडायला हवा. मग चमचाभर टोमॅटो पेस्ट, थोडं थाइम, एक बटाटा, पाव गड्डा कोबी.

आणि मुख्य म्हणजे काव्होलो नेरो, शब्दशः 'काळा कोबी', पण गड्डा नसतो, लांब, काळपट हिरवी, सुरकुतलेली पानं असतात. कडाक्याच्या थंडीत त्यांच्यात साखर वाढते म्हणून हिम पडल्यावरची पानं गोडसर लागतात, तिथले लोक त्याचीच वाट बघतात. इकडे केल घ्या, नाहीतर नवलकोलचा कोवळा पाला, जाड शिरा काढून, ३०० ग्रॅम तरी. पालक नको, तो विरघळून जातो.

राजम्याचं पाणी, लागेल तसं साधं पाणी आणि मीठ घालून झाकण ठेवून दीड तास बारीक गॅसवर सोडून द्या, शेवटी अख्खा राजमा टाका.

ब्रेड दोन-तीन दिवसांचा, जाड कवचाचा हवा. टस्कनीतल्या ब्रेडमध्ये मीठच नसतं, आपल्याकडच्यात असतं, म्हणून सूपमध्ये मीठ बेतानं. मी पहिल्यांदा घाईत ताजा सँडविच ब्रेड घातला होता आणि पातेल्यात चक्क पतंगाची खळ तयार झाली, तेव्हा ते करू नका! २०० ग्रॅम ब्रेडचे तुकडे आणि सूप असे थर लावा, गार झालं की रात्रभर फ्रीजमध्ये.

दुसऱ्या दिवशी जाड बुडाच्या पातेल्यात थोडं तेल सोडून हळूहळू गरम करा, चांगलं उकळू द्या, तळाला लागू देऊ नका. चमचा उभा राहिला पाहिजे इतकं घट्ट. वर कच्च्या ऑलिव्ह ऑइलची धार, मिरपूड, सोबत कच्चा लाल कांदा. तिकडे नोव्हेंबरात घाण्यावरून नवं तेल येतं, घशाला झोंबणारं, त्याच्यासोबत तर विचारूच नका.

उरलंच तर तिसऱ्या दिवशी तव्यावर तेल सोडून थालीपिठासारखं थापा आणि खालून खरपूस होऊ द्या, मी तर त्या खरपुडीसाठी मुद्दाम दोन वाट्या जास्तच करते.