पुणं सोडून मालवणला जायचंय? आधी जुलैत राहून बघा

हिंजवडीच्या ट्रॅफिकला वैतागून मालवण-वेंगुर्ल्याकडे शिफ्ट व्हायचं डोक्यात असेल तर डिसेंबरात जाऊन ठरवू नका, तेव्हा सगळ्यांनाच आवडतं. जुलैत महिनाभर भाड्याने राहा, चामड्याच्या चपलेवर बुरशी चढते, लाईट जाते ती जातेच, नि जून-जुलैत ट्रॉलर बंद म्हणजे ताजी सुरमई विसरा (आमच्यासाठी हाच मोठा धक्का!). वर्क फ्रॉम होमवाल्यांनी त्याच पावसात रेंज बघावी. आईबाबा सोबत येणार असतील तर मोठं हॉस्पिटल किती लांब ते रात्री गाडी काढून मोजा. जमिनीची घाई नको, सातबाऱ्यावर पंधरा-पंधरा सामाईक नावं निघतात आणि शेतजमीन घ्यायला आधी स्वतः शेतकरी असावं लागतं. पुण्यातला फ्लॅट विकू नका, वर्षभर भाड्याने द्या.