सलूनमधले केस बाल्कनीतल्या कुंडीला कसे द्यावेत

केसांत वजनाच्या साधारण १५ टक्के नत्र (नायट्रोजन) असतं. शेणखतात जेमतेम अर्धा-एक टक्का. ठाण्यात नौपाड्यातल्या एखाद्या सलूनमधून पिशवीभर केस आणलेत तर झाडांची वर्षभराची सोय होते. फक्त ते थेट कुंडीत कोंबू नका.

केस, नखं आणि पिसं ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाची बनतात, त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना जखडलेल्या असतात. केस जाळल्यावर जो उग्र वास येतो तो त्याच गंधकाचा. हे बंध मोजकेच जिवाणू आणि बुरशा तोडू शकतात, म्हणून केस महिनोन्‌महिने मातीत तसेच दिसतात. ते जितके बारीक, तितकं काम लवकर.

रंग न लावलेले केस मागा. वर्तमानपत्रावर पसरून लोहचुंबक फिरवा. ब्लेडचा तुकडा निघाला तर तो हातात घुसण्याआधी निघालेला बरा. तेलकट केसांवर पाणी ठरत नाही, म्हणून कोमट साबणपाण्यात धुवून घ्या. मग कात्रीने सेंटिमीटरभर तुकडे करा.

५० लिटरच्या, तळाला भोकं पाडलेल्या ड्रममध्ये दोन किलो चुरलेला सुका पालापाचोळा आणि १५० ग्रॅम केस थराथराने घाला. सोसायटीचा माळी पाला आनंदाने देतो. येऊरच्या जंगलातून मात्र आणू नका, तो तिथल्या मातीचा आहे. प्रत्येक थरावर मूठभर जुनं कंपोस्ट भुरभुरा, जिवाणू त्यातूनच येतात. ओल किती हवी? मिश्रण मुठीत दाबलं की बोटं ओली व्हावीत, धार लागू नये. आठवड्यातून एकदा ढवळा. ठाण्याच्या पावसात झाकण नसेल तर महिन्याभराची मेहनत चिखल होते.

डोळ्यांना झोंबणारा वास आला तर तो अमोनिया, म्हणजे नत्र उडून चाललंय. सुका पाला वाढवा. चुना किंवा राख घालू नका, त्याने अमोनिया आणखी सुटतो.

ड्रमला जागा नसेल तर १२ इंची कुंडीत १० ग्रॅम तुकडे वरच्या तीन-चार इंच मातीत नीट कालवा. एकाच जागी बोळा राहिला तर पाणी त्याच्या बाजूने निसटतं आणि मुळं कोरडी राहतात. कढीपत्ता, पालक यांना हे मानवतं. मोगऱ्याला नुसते केस दिलेत तर पानंच माजतील; त्याच्यासाठी हाडांचा चुरा वेगळा घाला.