एका साडीतून जपानी दरबारचा हितोए

पंचवटीत माझं शिवणकाम बावीस वर्षं चाललंय, बहुतेक सगळं ब्लाउजचं. त्यामुळे पहिला हितोए कापायला घेतला तेव्हा कात्री सारखी मुंढ्याच्या गोलाईकडे वळत होती. यात मुंढा नाही, टक्स नाहीत, सगळ्या सरळ पट्ट्या. हेइआन काळात (इ.स. ७९४ ते ११८५), आजच्या क्योतोतल्या दरबारात बायका एकावर एक झगे घालत. त्या पोशाखाला पुढे जुनिहितोए, म्हणजे ‘बारा पदरी’, असं नाव पडलं. हितोए त्यातला आतला, बिनअस्तराचा झगा. वरच्यांपेक्षा तो मोठा बेततात, म्हणजे बाहीच्या तोंडाशी आणि खाली त्याची कड डोकावते. शिकायला सुरुवात यानेच करा.

मेन रोडवरून बिनकाठाची एकरंगी सिल्कची साडी घ्या. पन्हा ४५ इंच, लांबी साडेपाच मीटर. किमोनोच्या थानाचा पन्हा १४-१५ इंचच असतो, म्हणून साडीच्या १५ इंची तीन उभ्या पट्ट्या करायच्या. दर वीतभर अंतरावर खडूची खूण करा, नाहीतर साडेपाच मीटरमध्ये कात्री हमखास भरकटते.

पहिल्या दोन पट्ट्यांतून १४२-१४२ इंच अंगासाठी काढा. खांद्यावर दुमडून पुढे-मागे ७१ इंच येतात. मागे जमिनीवर लोळायलाच हवा. उरलेले दोन ७४ इंची तुकडे उभे चिरून एकातून ओकुमि (पुढच्या कडेच्या जोडपट्ट्या) आणि दुसऱ्यातून गळपट्टी. तिसऱ्या पट्टीचे ५८ इंचाचे तीन तुकडे बाह्यांना. प्रत्येक बाहीला दीड पन्हा लागतो, म्हणून तिसरा तुकडा उभा चिरून अर्धा-अर्धा मनगटाकडे जोडा.

शिवण हाताने, साध्या धावदोऱ्याने. मशीन लावू नका. जपानात किमोनो उसवून, पट्ट्या धुऊन पुन्हा शिवायची रीत आहे, आणि मशीनची टीप उसवताना रेशीम फाटतं. पाठीची मधली शिवण आधी, मग बाह्या, मग ओकुमि, शेवटी गळपट्टी. बाहीचं मनगटाकडचं तोंड पूर्ण उघडं ठेवा.

आता कड. हिला पिको करू नका, तुरपाईही नको. हितोएची कड खळ लावून वळतात. तिला हिनेरी म्हणतात. मी इगतपुरीकडचा इंद्रायणी तांदूळ वापरते, कारण तो चिकट. मूठभर तांदूळ गिच्च शिजवा, वाटा, फडक्यातून गाळा. बोटाच्या टोकावर अगदी थोडी खळ घेऊन कडेला लावा आणि समईची वात वळतो तशी अंगठा आणि तर्जनीत कड आत वळत चला. एका वेळी चार बोटं, जास्त नाही. वळलेली कड सुतळीपेक्षा बारीक आणि गोल दिसली पाहिजे. पहिल्यांदा मी खळ जाड लावली, तर कड पापडासारखी कडक झाली. ओल्या फडक्याने भिजवून सगळी उलगडली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वळली. पंख्याखाली वाळवू नका, रेशीम हलतं आणि कड सुटते. रात्रभर सपाट पसरून ठेवा.

भाचीला घातला तेव्हा तिने सवयीने उजवी बाजू वर घेतली. तसं फक्त मृताला नेसवतात. डावी बाजू वर, बाई असो वा पुरुष. जपानात तसा हुकूमच ७१९ साली निघाला होता.