किनाऱ्यावरची वीज जहाजाला जोडताना

बेळगाव, खानापूर, निपाणीहून आयटीआय करून कारवार-गोव्याच्या गोदीत कामाला जाणाऱ्या पोरांनो, व्होल्टेजच्या आधी फ्रिक्वेन्सी (हर्ट्झ) बघा.

आपल्याकडे किनाऱ्यावर 415 व्होल्ट, 50 हर्ट्झ. बऱ्याच जहाजांवर 440 व्होल्ट, 60 हर्ट्झ. फरक 25 व्होल्टचाच दिसतो आणि तिथंच फसगत होते. व्होल्टला हर्ट्झने भागून बघा: जहाजाचे 440 भागिले 60 म्हणजे 7.33, किनाऱ्याचे 415 भागिले 50 म्हणजे 8.3. जहाजाच्या मोटरच्या गाभ्यावर 13 टक्के जादा फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) येतो, ती जास्त करंट ओढते आणि तापते. 50 हर्ट्झवर तिला 367 व्होल्टच्या आसपासच हवेत. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरवता येईल, फ्रिक्वेन्सी नाही. मोटरचा वेग सहाव्या हिश्श्याने घटणार, पंपाचं पाणीही. पूर्ण वेग हवा तर फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टरच लागतो.

जोडताना दोन्हीकडचे ब्रेकर ऑफ करून लॉक करा. आधी अर्थिंग, मग फेज. लगाचा (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडाचा) नट नीट आवळा. ढिला लग तापतो, शेजारचं इन्सुलेशन काळं पडून कडक होतं. आता फक्त शोअर बॉक्सपर्यंत (किनाऱ्याची केबल जिथं जोडतात त्या जहाजावरच्या पेटीपर्यंत) सप्लाय घेऊन फेजचा क्रम तपासा. उलटा आला तर सप्लाय तोडून कोणत्याही दोन फेज अदलाबदल करा. नदीकाठची तीन फेजची मोटर उलटी फिरली की पाणी चढत नाही, इथंही तेच.

शेवटी जहाजाच्या जनरेटरचा ब्रेकर ऑफ, मगच शोअरचा ऑन. इंटरलॉक (दोन्ही ब्रेकर एकाच वेळी ऑन होऊ न देणारी सोय) कधीच बायपास करू नका.