विंडोज न काढता लिनक्सचा सराव

देवगडात आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ज्या लॅपटॉपवर आहे, त्यावरचं विंडोज पुसून लिनक्स टाकायला घरचे कसे परवानगी देतील? गरजही नाही. विंडोज ११ मध्ये (किंवा अद्ययावत विंडोज १० मध्ये) पॉवरशेल (कमांड टाइप करायची खिडकी) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, 'डब्ल्यूएसएल' (विंडोजच्या आत लिनक्स चालवणारी सोय) टाइप करा, एक जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि त्यांना जोडून 'इन्स्टॉल'. एंटर मारा, मशीन रीस्टार्ट करा, की उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, विंडोजच्या आतच हजर. डाउनलोड बरंच मोठं असतं. पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही असताना उरकून घ्या. पहिल्यांदा उघडल्यावर उबुंटू नवं नाव आणि पासवर्ड मागतं; पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही. कीबोर्ड बिघडलेला नाही, टाइप करत राहा.

आता खरी मेख. तुमची सी ड्राइव्ह या लिनक्सला 'एमएनटी' फोल्डरात 'सी' नावाने दिसते. तिथे 'आरएम' (फाइल पुसायची कमांड) चालवलंत तर विंडोजमधली खरी फाइल जाते, रीसायकल बिनमध्येही सापडत नाही. म्हणजे हिशेब गेलाच! म्हणून प्रत्येक वेळी आधी 'पीडब्ल्यूडी' मारून आपण कुठल्या फोल्डरात आहोत ते बघायचं आणि सराव उबुंटूच्या होम फोल्डरातच करायचा. तिथे खोट्या पेट्यांची यादी बनवा, 'ग्रेप'ने हापूस शोधा, 'सॉर्ट'ने यादी क्रमाने लावा. उबुंटूचाच विचका झाला तर डब्ल्यूएसएलच्या 'अनरजिस्टर'ने ते पूर्ण पुसून नव्याने टाका. त्यातल्या सरावाच्या फाइली तेवढ्या जातील, विंडोज जागेवरच राहील.