गॅसचा वास आला तर आधी खाली बघा

सिलेंडरचा गॅस म्हणजे ब्युटेन-प्रोपेन, हवेपेक्षा जड, त्यामुळे लीक झाला की वर जात नाही, ओट्याखाली ट्रॉलीत, फरशीलगत साचून बसतो. म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, बाल्कनीचा नाहीतर मागचा दरवाजा पार सताड उघडा, खालून हवा खेळली पाहिजे. पाइपलाइनवाल्यांचं उलटं, तो मिथेन, हलका, छताकडे जातो, तिथे वरची खिडकी उघडी हवी.

आणि हो, वास आला की आपला हात सवयीने एक्झॉस्टच्या बटणाकडे जातो (माझाही गेलेला, सासूबाई ओरडल्या म्हणून थांबला), तर तसं अजिबात करू नका. बटण चालू करताना काय आणि बंद करताना काय, ठिणगी पडू शकते. रेग्युलेटर बंद करा, काढून सिलेंडरला ती दोरीवाली टोपी लावा, बाहेर या आणि मग १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन करा.

तसा या गॅसला स्वतःचा वास नसतोच, तो उग्र वास मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन नावाच्या रसायनाचा.

नवीन सिलेंडर जोडला की साबणाचा फेस जोडावर लावून बघा, बुडबुडे आले की लीक. काडी पेटवून कोणी बघत असेल तर त्याला किचनबाहेर काढा आधी.